‘आधी प्रोबेट आणा’ म्हणणाऱ्या सोसायट्यांच्या कमिट्यांना

प्रति,
महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य यांस,

सनविवि.

गेल्या महिन्यात एका दुपारी आमच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी माझ्याकडे आल्या. हातात प्लास्टिकची फाइल. तीत यजमानांचा मृत्यूचा दाखला, त्यांनी रजिस्टर केलेलं मृत्युपत्र, शेअर सर्टिफिकेट आणि सगळ्यांत वर सोसायटीच्या लेटरहेडवर एक ओळ: ‘सक्षम न्यायालयाचे प्रोबेट सादर केल्यावर अर्जाचा विचार करण्यात येईल.’ खाली सचिवांची सही आणि गोल शिक्का. वहिनींनी विचारलं, “ताई, हे कुठे मिळतं? तहसीलला, की सेतूत?”

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाची मोहोर. ती तहसीलला मिळत नाही आणि सेतूतही नाही. मला हसू आलं नाही. हाच प्रश्न मी नऊ वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूने ऐकलेला आहे.

मी एका जिल्हा न्यायालयाच्या कचेरीतून सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. शेवटची नऊ वर्षं माझ्याकडे प्रोबेट, सक्सेशन सर्टिफिकेट आणि वारस दाखल्यांचं टेबल होतं. हाताखाली एक वरिष्ठ लिपिक, दोन कनिष्ठ लिपिक आणि एक शिपाई. बाकीची कचेरी आम्हाला ‘मयतांचं टेबल’ म्हणायची. जिल्ह्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण खाली ज्यांच्या गोष्टी येतील ती माणसं अजून तिथेच राहतात.

तुमची ती एक ओळ लिहायला दोन मिनिटं लागतात. ती ओळ घेऊन माणूस निघाला की पुढे काय होतं, हे तुम्ही पाहिलेलं नाही. मी पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

प्रोबेटचा अर्ज वकिलामार्फत येतो आणि त्याची पहिली तपासणी कचेरीत होते. सोबत मूळ मृत्युपत्र लागतं, झेरॉक्स चालत नाही. आमच्याकडची एक कनिष्ठ लिपिक, नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली, प्रत्येक मृत्युपत्र खिडकीशी नेऊन उजेडात धरायची. पानं किती, टाचणीची भोकं एकच जोडी की दोन, खाडाखोड असेल तिथे सही आहे का, दोन्ही साक्षीदार आहेत ना. एकदा ती उत्साहाने धावत आली, “मॅडम, हे संशयास्पद आहे!” तिला मी बसवलं आणि सांगितलं की संशय घ्यायचा तो न्यायाधीशांनी. आपण लिहायचं, ‘पान ३ वर टाचणीची दोन जादा छिद्रे दिसून येतात.’ बस्स. पुढे त्या फाइलीत निघालं काय, तर म्हाताऱ्या गृहस्थांनी स्वतःच पानं सुटी करून घरी प्रती काढल्या होत्या आणि पुन्हा टाचली होती. आम्ही ‘संशयास्पद’ लिहिलं असतं तर तो शब्द त्या कुटुंबाला शेवटपर्यंत चिकटला असता.

मृत्युपत्रानंतर मालमत्तेची यादी आणि किमती, कारण त्यावर कोर्ट फी ठरते. मग साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र. मृत्युपत्र पंचवीस वर्षांपूर्वीचं असेल तर साक्षीदार कुठे असतो? एक वारलेला, दुसरा मुलाकडे बंगळुरूला, ऐकू कमी येतं. आणि मग सगळ्यांत वेळखाऊ कागद: जवळच्या नातेवाइकांची नावं आणि पूर्ण पत्ते. प्रत्येकाला कोर्टाची नोटीस जाते. आम्ही तिला सायटेशन म्हणतो. तिची एक प्रत कोर्टाच्या इमारतीत दर्शनी जागी लागते, एक जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि बहुतेक वेळा वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यावी लागते. एक पत्ता चुकला की बेलिफाचा शेरा येतो, ‘घरास कुलूप’, आणि तारीख दोन महिने पुढे.

टेबल माझ्याकडे आलं तेव्हा तिथली जुनी रीत अशी होती की फाइलीत एक ऑब्जेक्शन काढायचं, ते दूर झालं की दुसरं शोधायचं. कोणी वाईट हेतूने करत नव्हतं. पहिली चूक दिसली की वाचन थांबवायची सवय, एवढंच. मी पहिल्याच आठवड्यात नियम केला: फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचायची आणि सगळी ऑब्जेक्शनं एकाच कागदावर, एकाच दिवशी द्यायची. वरिष्ठ लिपिकांनी तोंड वाकडं केलं, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यात ‘एकदम जास्त वेळ’ जायचा. महिनाभराने खिडकीपुढची रांग कमी झाली तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त आपली खुर्ची माझ्या टेबलाजवळ सरकवून बसायला लागले.

दुसरा नियम छोटा होता. समोर आलेल्या बाईला “मयताचं नाव काय?” असं विचारायचं नाही. कागदावर ‘मयत’ लिहावंच लागतं, त्याला इलाज नाही. तोंडाने मात्र “मृत्युपत्र कोणाचं आहे?” असं विचारायचं. शिपाई काकांना हे सगळ्यांत आधी जमलं. मला स्वतःला जमायला वर्ष लागलं.

चुका आमच्याही झाल्या. एकदा जाहीर नोटिशीच्या मसुद्यात आमच्याकडून ‘यशवंत’चं ‘वसंत’ झालं. तपासून सही मीच केली होती. नोटीस छापून आली, तारीख आली, आणि समोरच्या वकिलांनी शांतपणे चूक दाखवली. सगळी प्रक्रिया पुन्हा. चार महिने गेले. अर्जदार बाईंनी मला एक शब्दही सुनावला नाही आणि तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून प्रत्येक जाहीर नोटीस दोघांनी वाचायची, एकाने मोठ्याने आणि दुसऱ्याने मृत्यूच्या दाखल्यावर बोट ठेवून, असं सुरू केलं. पण त्या बाईंचे चार महिने काही परत आले नाहीत. त्यांनाही प्रोबेट त्यांच्या सोसायटीनेच मागितलं होतं.

आता ती गोष्ट, जी सांगण्यासाठी मी खरं तर लिहायला बसले.

एक भाऊ, एक बहीण. वडिलांनी फ्लॅट मुलाला ठेवला होता, दागिने आणि ठेवी मुलीला. दोघांना मान्य. मृत्युपत्राचा मसुदा वडिलांनी सांगितला तेव्हा लिहून घ्यायला बहीणच बसली होती. सोसायटीने भावाला पत्र दिलं, ‘प्रोबेट आणा’. त्याने अर्ज केला. कायद्याप्रमाणे बहिणीला नोटीस गेली, आणि ती बेलिफाने नेली तेव्हा घरी होते तिचे सासरे. ‘न्यायालयात हजर राहावे, कसूर झाल्यास आपल्या गैरहजेरीत कामकाज चालवले जाईल’ या चालीची भाषा. त्या घरात कोर्टाचा कागद कधी आलेला नव्हता. तारखेच्या दिवशी ती आमच्या टेबलाशी आली. नोटिशीची चार वेळा घडी घातलेली, घडीवर शाई पुसट झालेली. तिने विचारलं, “माझ्यावर केस केलीय का दादानं?”

आमच्या वरिष्ठ लिपिकांनी तिला नीट समजावलं की ही केस नाही, रीत आहे, तुमची हरकत नसेल तर तसं लिहून द्या. तिला पटलं. पण घरी ज्यांना पटायला हवं होतं त्यांना पटलं नाही. सासरच्या माणसांचं म्हणणं, कोर्टातून विचारतायत म्हणजे तुझा हक्क असणारच. पंधरा दिवसांनी कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका’ अशी हरकत, दाखल झालं. कॅव्हेट आलं की भारतीय वारसा अधिनियमाच्या कलम २९५ प्रमाणे अर्जाचा दावा होतो. वादी भाऊ, प्रतिवादी बहीण. फाइलीचा नंबर बदलला आणि ती माझ्या टेबलावरून दुसरीकडे गेली. मी निवृत्त झाले तेव्हा ती चालूच होती. त्या सोसायटीच्या सचिवांना यातलं काही ठाऊक असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने त्यांनी फक्त काळजी घेतली.

वाद असतो म्हणून प्रोबेट लागतं, असं बाहेर समजतात. वाद नसलेल्या घरात प्रोबेटच्या नोटिशीनेच वाद शिरताना मी इतक्या वेळा पाहिलं आहे की बोटांवर मोजणं मी सोडून दिलं.

आता कायद्याचं. वकिली करायचा माझा अधिकार नाही आणि हौसही नाही, पण ज्या कलमांच्या आधाराने नऊ वर्षं टेबल चालवलं ती तोंडपाठ आहेत.

प्रोबेटची सक्ती आली ती १९२५ च्या भारतीय वारसा अधिनियमाच्या कलम २१३ मधून. हिंदू, बौद्ध, जैन, शीख आणि पारशी यांच्या बाबतीत ती मुख्यतः मुंबई, कोलकाता आणि मद्रास उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीपुरती (ढोबळमानाने त्या शहरांपुरती) होती, म्हणजे त्या हद्दीत केलेली मृत्युपत्रं किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेबद्दलची मृत्युपत्रं. मुसलमानांना ती लागू नव्हतीच, ख्रिस्ती समाजालाही २००२ नंतर नाही. म्हणजे पुण्यात बसून पुण्यातल्या फ्लॅटचं मृत्युपत्र करणाऱ्या हिंदू माणसाला प्रोबेट सक्तीचं कधीच नव्हतं. नाशिकला नव्हतं, कोल्हापूरला नव्हतं, माझ्या जिल्ह्यात नव्हतं. तरी आमच्या कपाटातल्या कितीतरी फाइलींच्या तळाशी सोसायटीचं नाहीतर बँकेचं एक ओळीचं पत्र लावलेलं असायचं. मुंबईत कोणीतरी मागितलं, मुंबईच्या नातेवाइकाने सांगितलं, एखाद्या ऑडिटरने शेरा मारला, आणि ते गावोगाव पसरलं.

मुंबईच्या सोसायट्यांना निदान तो आधार होता. तोसुद्धा कोर्टात हक्क शाबीत करायचा असेल तर. पण आता तोही राहिला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ कायद्यातून काढून टाकलं. शंभर वर्षं जुनं कलम गेलं. तरी वहिनींच्या हातात त्यानंतरच्या तारखेचं पत्र आहेच.

तुमचा स्वतःचा कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातलं कलम १५४ब-१३ वाचा. सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचा भाग (म्हणजे शेअर्स) आणि हितसंबंध कशाच्या आधारावर हस्तांतरित करायचे ते तिथे लिहिलं आहे: मृत्युपत्रासारखा दस्त, किंवा सक्सेशन सर्टिफिकेट, किंवा वारस दाखला, किंवा वारसांनी केलेली कौटुंबिक व्यवस्था, किंवा नामनिर्देशन. यातलं कोणतंही एक. ‘प्रोबेट’ हा शब्द त्यात नाही. शिवाय नॉमिनी असेल तर त्याला तात्पुरता सभासद करून घ्यायचंच आहे. नॉमिनी नसेल तर समितीला जो वारस दिसेल त्याला. म्हणजे कागद जमेपर्यंत बाईला मीटिंगच्या नोटिशीतून वगळायचं, देखभालीची पावती ‘मयत सभासदा’च्या नावाने फाडत राहायचं, असला प्रकार कायद्याला अपेक्षित नाही.

(वारस दाखल्यावरून आठवलं. तो ज्या कायद्याखाली मिळतो तो मुंबई इलाख्याचा १८२७ चा रेग्युलेशन ८. पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती. आमच्या टेबलावरचा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत कमी कुरकुर करणारा कायदा.)

“पण उद्या दुसरा वारस उभा राहिला तर सोसायटी अडकेल ना?” हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि मला तो खोटा वाटत नाही. समितीत बसणारी माणसं पगार घेत नाहीत, घरची कामं टाकून येतात. कोणाच्या भाऊबंदकीत कोर्टाची पायरी का चढायची?

त्याचं उत्तर असं की सोसायटीच्या रजिस्टरात नाव चढलं म्हणून कोणी मालक होत नाही आणि कोणाचा हक्क बुडतही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली इंद्राणी वाही खटल्यात, पश्चिम बंगालच्या सहकार कायद्याच्या संदर्भात, सांगितलं की संस्थेने नामनिर्देशनाप्रमाणे नाव लावावं, वारसांचा मालकीचा वाद त्यांना सक्षम न्यायालयात चालवता येतोच. २०२३ च्या डिसेंबरात शक्ती येझदानी खटल्यात कंपन्यांच्या शेअर्सबाबत तेच तत्त्व पुन्हा आलं: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. यात तुमची सुटकाच आहे. मालकी ठरवायचं ओझं तुमच्या डोक्यावर कोणी ठेवलेलंच नाही.

आणि गंमत म्हणजे मालकी प्रोबेटही ठरवत नाही. प्रोबेट एवढंच सांगतं की हे मृत्युपत्र खरं आहे, रीतसर केलेलं आहे आणि त्याची अंमलबजावणी अमुक निष्पादकाने, म्हणजे मृत्युपत्रात त्या कामासाठी नेमलेल्या माणसाने, करावी. फ्लॅट मुळात वारलेल्या माणसाचा होता का, वडिलोपार्जित होता का, बायकोच्या पैशाचा होता का, हे प्रोबेट कोर्ट बघत नाही. तुम्ही ज्या खात्रीसाठी दोन दोन वर्षं लोकांना फिरवता ती खात्री त्या कागदात नसतेच. आणखी एक. प्रोबेट मागता येतं ते मृत्युपत्रात नेमलेल्या निष्पादकाला. निष्पादक नेमलाच नसेल तर अर्ज करावा लागतो व्यवस्थापनपत्राचा, म्हणजे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा. तुमच्या पत्रातल्या ‘प्रोबेट’ शब्दावर विसंबून चुकीचा अर्ज घेऊन आलेले लोक आम्ही परत पाठवले आहेत.

बँकांचं थोडं वेगळं आहे. कलम २७३ प्रमाणे प्रोबेट घेतलेल्या निष्पादकाला पैसे दिले की देणेकऱ्याला, म्हणजे इथे बँकेला, पूर्ण संरक्षण मिळतं, म्हणून त्यांना तो कागद आवडतो. तरी नॉमिनी असेल तर प्रोबेट वा सक्सेशनचा आग्रह धरू नका, असं रिझर्व्ह बँकेने त्यांना २००५ सालीच सांगितलेलं आहे. त्यांना कधीतरी वेगळं लिहीन.

प्रोबेट कधीच मागू नका असं मी म्हणत नाही. भावंडांत लेखी हरकत आलेली असेल, एकाच माणसाची दोन मृत्युपत्रं तुमच्यापुढे आली असतील, मृत्युपत्र मरणाच्या आदल्या आठवड्यातलं असून सगळं शेजाऱ्याला दिलेलं असेल, तर खुशाल सांगा की कोर्टातून या. अशा फाइलींसाठीच ते टेबल आहे आणि तिथली माणसं त्या फाइलींना वेळ देऊ शकली पाहिजेत. तुमच्या सावधगिरीतून आलेल्या फाइली त्यांच्या पुढ्यात रचल्या जातात तेव्हा खऱ्या तंट्याच्या फाइली खाली जातात. चार माणसांचं टेबल चालवलं आहे, सांगते: रोज सकाळी गठ्ठ्यातली कुठली फाइल वर घ्यायची, हाच माझ्या कामातला सगळ्यांत अवघड निर्णय असायचा.

एक गोष्ट राहिली. प्रोबेट मिळालं की मूळ मृत्युपत्र कोर्टाच्या दप्तरात राहतं. परत मिळत नाही, नक्कल मिळते. हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? एक निवृत्त शिक्षक होते, वडिलांचं मृत्युपत्र वडिलांच्याच हस्ताक्षरातलं, बोरूने लिहावं तसं मोकळं, गोल अक्षर. आदेश झाल्यावर ते आले आणि म्हणाले, “फ्लॅटचं राहू द्या हो, ही पानं द्या.” देता येत नव्हती. शिपाई काकांनी त्यांच्यासमोर फाइल उघडून ठेवली आणि पाणी आणायला म्हणून निघून गेले, ते चांगली दहा मिनिटं आले नाहीत. मी टेबलावरचं दुसरं काम काढलं. ते गृहस्थ वाचत नव्हते, अक्षरांवरून बोट फिरवत होते. त्या फाइलीत कोणाचीही हरकत नव्हती. सोसायटीने मागितलं होतं म्हणून ती पानं आमच्या कपाटात गेली.

वहिनींच्या अर्जाचं सांगायचं तर त्या स्वतः नॉमिनी आहेत, मृत्युपत्र त्यांच्या नावे आहे, मुलगा आणि मुलगी दोघं लिहून द्यायला तयार आहेत. मार्चपासून मीही आमच्या समितीत आहे आणि ते पत्र समितीपुढे न येताच गेलेलं आहे. येत्या रविवारच्या सभेत मी विषय ठेवला आहे. ठरावाचा मसुदा खाली देते. तुमच्याकडेही असा अर्ज पडून असेल तर नाव आणि तारीख बदलून वापरा.

‘ठराव: कै. ______ यांच्या निधनानंतर त्यांनी नामनिर्देशित केलेल्या श्रीमती ______ यांना आजपासून तात्पुरते सभासद म्हणून दाखल करून घेण्यात यावे. मृत्युपत्राची प्रमाणित प्रत, इतर वारसांची संमतीपत्रे व अर्जदाराचे हमीपत्र घेण्यात यावे. उपविधींप्रमाणे आवश्यक ती सूचना फलकावर लावावी व मुदतीत लेखी हरकत न आल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५४ब-१३ नुसार भाग व हितसंबंध त्यांच्या नावे हस्तांतरित करण्यात यावेत. प्रोबेटची अट घालणारे संस्थेचे दि. ______ चे पत्र मागे घेण्यात येत आहे.’

सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदकाची जागा कोरी आहे. सचिवसाहेब, ती तुमच्यासाठीच ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त सहायक अधीक्षक
(आणि तिसऱ्या मजल्यावरची सभासद)